हलकं काम

कंबर धरली, गुडघा दुखावला की कारखान्याचा डॉक्टर म्हणून मी कागदावर 'हलकं काम द्यावं' असं लिहितो. या दोन शब्दांकडे मी आता फार बारकाईने बघतो, आणि त्याला कारण आहे एक कामगार.

पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ. वर्षानुवर्षं गोदामात खोकी उचलून कंबर गेली, म्हणून त्यांना पॅकिंग लाइनवर बसवलं होतं. पट्ट्यावरून बाटल्या येतात, वाकडं झाकण दिसलं की ती बाटली बाजूला काढायची. ओझं नाही, वाकणं नाही. कंबर खरोखरच सुधारली होती. पण आता छातीत धडधड, रात्रभर जाग आणि घरात शब्दाला शब्द. ईसीजी ठीक होता, रक्तदाब मात्र १५८/१००. तपासणी संपल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, मला परत गोदामात टाका."

मी विचारलं, कामावर असताना पाणी किती पिता? ते जरा संकोचले. पट्टा थांबत नाही. लघवीला जायचं तर बदली माणूस मागावा लागतो, तो मिळेलच असं नाही. म्हणून शिफ्ट सुटेपर्यंत ते पाणीच पीत नव्हते.

दुपारी मी लाइनवर जाऊन उभा राहिलो. बसून करायचं काम, पण नजर क्षणभरही हलवायची सोय नाही. कानात आवाज अडवणारे बोळे, त्यामुळे शेजाऱ्याशी बोलणं नाही. गोदामात कोणता माल आधी हलवायचा, दम खायला कधी थांबायचं, हे ते स्वतः ठरवत. इथे वेग पट्टा ठरवतो आणि चूक झाली की त्यांच्या नावावर. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. टार्गेट त्याच्याही डोक्यावर होतंच.

ज्या कामात मागणी जास्त आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, ते काम माणसाला सर्वांत जास्त ताण देतं, असं कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांवर झालेला व्हाइटहॉल अभ्यास मला याहून अस्वस्थ करतो. ही सगळी कचेरीतली माणसं. तरीही हृदयविकाराने होणारे मृत्यू खालच्या श्रेणीत वरच्या श्रेणीपेक्षा कितीतरी जास्त. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही फरक पुरता मिटला नाही. पुढे १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, कामावर ताबा नसणं हे त्यातलं एक ठळक कारण दिसलं.

मी शिफारस लिहिली: ठरलेल्या वेळी, न मागता बदली माणूस मिळावा, दर दोन तासांनी जागा बदलावी, आणि यांना गोदामात उचलण्याऐवजी आवक-जावक नोंदीचं काम द्यावं. व्यवस्थापक म्हणाले, "पण कंबर तर बरी झाली ना?" मी रक्तदाबाचे आकडे पुढे ठेवले. बदली माणूस आणि नोंदीचं काम मंजूर झालं. जागा बदलण्याचं अडकलंय. मी पाठपुरावा सोडलेला नाही.

त्यांचा रक्तदाब आता १३८/८८ आहे. गोळीही चालू आहे, त्यामुळे सगळं श्रेय काम बदलण्याला देता येणार नाही. झोप मात्र पहिल्याच आठवड्यात परत आली, असं ते सांगतात. लाइनवरच्या त्यांच्या जागी दुसरे कामगार बसतात, आणि त्यांना मी दर महिन्याला तपासणीला बोलावतो.