चोवीस तासांचा कॅन

मे महिन्यात पाच मिलिमीटरचा मुतखडा पडला. किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी जेमतेम सव्वा वीत, पण तेवढ्या वाटेला त्या खड्याने अकरा दिवस लावले. त्याला पुढे ढकलायला नळी आवळली की मी भिंत धरून उभी. नंतर डॉक्टर म्हणाले, "खडा का झाला ते बघू. चोवीस तासांची लघवी जमा करा."

लॅबने पाच लिटरचा कॅन दिला. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी, शेवटची धरून, कॅनमध्ये. पहिली का टाकायची? ती रात्रभर साठलेली, आदल्या दिवसाच्या हिशेबातली. तळाला ॲसिड होतं, म्हणून मगमधून ओतायची. आणि कॅन थंड ठेवायचा.

"फ्रीजमध्ये?" सासूबाईंनी पन्ह्याची बाटली जवळ ओढत विचारलं. शेवटी मासळी आणायचा थर्माकोलचा डबा काढला, त्यात बर्फ भरला आणि डबा मोरीत ठेवला.

पहिला रविवार वाया गेला. दुपारच्या झोपेतून उठून सवयीने गेले, फ्लश ओढल्यावर आठवलं. एकदाच तर, म्हणून लॅबला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, रिपोर्टात कळतं हो." स्नायूंतून रोज साधारण ठरावीक क्रिएटिनिन निघतं आणि लघवीवाटे जातं, ते कमी भरलं की एखादी खेप सुटली हे उघड होतं. मुकाट्याने नवा कॅन आणला.

मला आपलं वाटायचं, प्यालेलं पाणी चहासारखं गाळून खाली येतं. तसं नाही. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. आमच्या मोरीतलं निळं पिंप दोनशे लिटरचं, ते जवळजवळ भरेल! त्यातलं पाणी, साखर, मीठ बहुतेक सगळं परत रक्तात घेतात. यकृताने तयार केलेला युरिया, क्रिएटिनिन, जास्तीचे क्षार तेवढे थोड्या पाण्यात घालून बाहेर. पिंपातून उरतं लिटर-दोन लिटर.

माझं उरलं ८५० मिली. कॅल्शियम ठीक, ऑक्सलेट ठीक. पाणीच कमी, त्यात क्षार दाटून खडा जमतो. "निदान दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पाणी का पीत नाही?"

काय सांगणार? बोरिवलीहून चर्चगेट तासाभराचं, लोकलमध्ये संडास नाही, म्हणून सकाळी सातनंतर घोटभरही पाणी घ्यायचं नाही. अठरा वर्षांची सवय. रविवारी घरी असले तरी तहान लागत नाही. लेडीज डब्यातल्या आमच्या अख्ख्या ग्रुपचं हेच.

आता बाटली भरून निघते. कधी दादरला उतरावं लागतं, मागची गाडी पकडते, लेट मार्क बसतो. थर्माकोलचा डबा मात्र सासूबाईंनी त्याच सोमवारी कचऱ्याच्या गाडीत टाकला.