तुम्ही विचारलंत म्हणून: काचेतला खेळ घरी खेळता येतो का?

लंडनला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ब्रिटिश म्युझियम बघून आला आणि संध्याकाळी आम्ही पुठ्ठ्याचा पट काढला की हेच विचारतो, "अहो, हा तर तिथे काचेत ठेवलाय, खरंच खेळता येतो?" येतो की. मस्त येतो.

खेळ म्हणजे 'रॉयल गेम ऑफ ऊर'. इराकमधल्या ऊर गावच्या राजघराण्याच्या थडग्यांत पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुलींना 1920 च्या दशकात असे पट सापडले, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, शिंपले, लाल दगड आणि निळा लाजवर्द बसवलेले, दिसायला इतके सुंदर की लोक फोटो काढून पुढे जातात आणि हा खेळायचा आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. नियम कळले ते म्युझियमच्याच आयर्विंग फिंकेल यांच्यामुळे. इ.स.पू. 177 च्या सुमाराची एक बॅबिलोनी मातीची पाटी त्यांनी वाचली. आता पाटी पटापेक्षा दोनेक हजार वर्षांनी नवी, तेव्हा आपण खेळतो ते नियम थोडे अंदाजाचेच, पण खेळ रंगतो म्हणजे अंदाज बरा असणार!

घरं वीस. प्रत्येकी सात सोंगट्या, आपल्या बाजूची चार घरं चालायची, मग मधल्या आठ घरांच्या रांगेत शिरायचं, आणि ही रांग दोघांची, सगळी मारामारी इथे. शेवटी परत आपल्या बाजूची दोन घरं आणि बाहेर, तेही नेमकं दान पडलं तरच. काही घरांत फूल काढलेलं असतं, तिथे गेलात तर आणखी एक डाव, आणि मधल्या रांगेतल्या फुलावर बसलेल्याला कुणी मारू शकत नाही, त्यामुळे जो तो तिथे ठाण मांडायला बघतो.

मूळचे फासे चार टोकांचे, चारपैकी दोन टोकांवर खूण. आम्ही सरळ चार चिंचोके अर्धे करून घेतो. शून्य ते चार दान पडतं, त्यात दोन सगळ्यात जास्त वेळा, सोळात सहा, म्हणून शत्रू बरोब्बर दोन घरं मागे असेल तर जागा बदला. हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही.

खरी मजा सासूबाई आल्या की. चारही पालथे पडले म्हणजे ऊरच्या हिशोबात शून्य, डाव गेला. आईंचं लहानपण चंगाअष्टा खेळण्यात गेलेलं, तिथे चारही कवड्या पालथ्या म्हणजे अष्टा, आठ घरं! "शून्य कसलं गं, आठ आहेत ते, गपचूप चाल," म्हणून त्या स्वतःच सोंगटी उचलून माझा नवरा जिथे बसलाय तिथे नेऊन ठेवतात आणि तो इंजिनिअर माणूस, मोबाईलवर नियम उघडून दाखवत बसतो. आई ढिम्म! निम्मा खेळ नशिबाचा असल्यामुळे आठवीतली भाची, आई आणि बुद्धिबळात सगळ्यांना हरवणारे शेजारचे काका एका पातळीवर येतात, आणि माझ्या मते पाहुण्यांसाठी हा बुद्धिबळापेक्षा कितीतरी बरा.

आणि हो, पुढच्या वेळी म्युझियमला गेलात तर खोर्साबादच्या पंखवाल्या बैलाच्या खालच्या भागात बघा. असिरियन राजवाड्याच्या दाराचा तो बैल, आणि त्याच्या दगडावर कुणीतरी हाच पट ओरखडलाय, बहुतेक पहाऱ्यावर कंटाळलेल्या शिपायांनी. मला तर लाजवर्दच्या पटापेक्षा तोच आवडतो. याच जातीचा वीस घरांचा खेळ कोचीच्या ज्यू घरांतही खेळायचे, हे फिंकेलना तिथून इस्रायलला गेलेल्या एका बाईंकडून कळलं.

विकतचा सेट घेऊ नका, पुठ्ठा, स्केचपेन, चिंचोके आणि दोन रंगांची बटणं पुरतात. फक्त चार पालथ्यांचं काय ते आधी ठरवून घ्या.