आईंचं बीपी, मुलाचं डायव्हिंग आणि एक पॉलिसी

क्रोएशियाला जायचं ठरलं तेव्हा विमा म्हणजे माझ्या लेखी व्हिसाच्या फायलीतला एक कागद होता. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या सामायिक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला हवा, आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चाललं पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे. विमानाच्या तिकिटाबरोबर मिळणारी सगळ्यात स्वस्त पॉलिसी या अटींत बसत होती. मी ती घेणारच होते.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "व्हीस बेटावर मी स्कूबा डायव्हिंग करणार हं." म्हणून मी त्या पॉलिसीची सगळी पानं उघडली. 'काय मिळणार नाही' हा भाग 'काय मिळणार'पेक्षा लांबलचक होता आणि साहसी खेळ त्यात पहिल्या पाचांत होते.

मग मी एक काम केलं, आणि ते प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. वहीत आमच्या सहलीचा एकेक दिवस लिहिला आणि समोर प्रश्न लिहिला: आज काही झालं तर पॉलिसी काय म्हणेल?

स्प्लिट, ह्वार, व्हीस, दुब्रोव्हनिक असा आमचा बेत होता, आणि दुब्रोव्हनिकहून एक दिवस कोतोर. वहीत कोतोर लिहिलं तेव्हाच लक्षात आलं की ते मॉन्टेनेग्रोत आहे. तिथे युरो चालतो, म्हणून मी ते मनाने युरोपीय संघातच धरून चालले होते. पण मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. 'फक्त शेंगेन' असं लिहिलेली पॉलिसी त्या दिवसापुरती निरुपयोगी होती. शिवाय तिथून परत क्रोएशियात यायचं तर व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक रस्त्याचंही असंच होतं. जुना किनारी रस्ता न्यूमला बोस्नियातून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल सुरू झाल्यापासून क्रोएशिया न सोडता जाता येतं, म्हणून आम्ही पुलावरून जाणारीच गाडी ठरवली आणि पॉलिसी मात्र अमेरिका-कॅनडा वगळून सगळ्या जगाची घेतली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सासूबाईंच्या रकान्यावर. वय ६८, बीपीची गोळी रोज. फॉर्म भरताना त्या शेजारीच बसल्या होत्या.

"अगं, गोळीने बीपी ताब्यात आहे ना, मग कशाला लिहितेस ते?"

"लिहावंच लागेल, आई. लपवलं आणि नंतर कळलं, तर सगळाच क्लेम नाकारतील."

त्या गप्प झाल्या, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. आजार लिहिला तरी आधीपासूनच्या आजारासाठी बहुतेक पॉलिसी जिवावर बेतलं तरच पैसे देतात. दुसरी गोष्ट उपमर्यादेची. साठीनंतर काही पॉलिसींत एकूण रक्कम मोठी दिसते, पण खोलीभाडं, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी या प्रत्येकाला वेगळी कमाल रक्कम घातलेली असते. मी तीन पॉलिसी बाजूला ठेवल्या त्या केवळ यासाठी. बेटावर काही गंभीर झालं तर पेशंटला स्प्लिटच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं, आणि मध्ये समुद्र. रुग्णाला हलवण्याचा खर्च पूर्ण धरलेला नसेल, तर बाकी आकड्यांना मी काय करू?

डायव्हिंगसाठी जादा प्रीमियम भरला. अट अशी की प्रशिक्षित मार्गदर्शक सोबत हवा आणि ३० मीटरच्या खाली जायचं नाही. भाड्याच्या स्कूटरचा विचार मुलाने सोडून दिला, कारण त्या वर्गाचा परवाना त्याच्याकडे नव्हता आणि परवान्याशिवाय झालेल्या अपघाताला कोणीच पैसे देत नाही. सामान हरवणं, विमान उशिरा येणं वगैरे मी वरवर पाहिलं. बेटांवर ये-जा करणाऱ्या फेरीबोटीबद्दल मात्र कंपनीला मेल करून लेखी उत्तर मागितलं: वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली आणि विमान चुकलं तर? उत्तर आलं की वेळापत्रकाची प्रवासी फेरी चालेल, भाड्याने घेतलेली बोट चालणार नाही. तरीही परतीच्या आधीच्या दोन रात्री मी बेटावर ठेवल्या नाहीत, दुब्रोव्हनिकला ठेवल्या. दक्षिणेचा 'यूगो' वारा सुटला की बेटांच्या फेरीबोटी खरोखरच थांबतात.

सप्टेंबरात गेलो. डायव्हिंग सुखरूप पार पडलं. पण दुब्रोव्हनिकला, पाऊस नुकताच थांबलेला असताना, स्त्रादूनवर आई घसरल्या. त्या रस्त्याचा चुनखडीचा दगड शतकानुशतकं पायांखाली झिजून आरशासारखा झालाय. मनगट सुजलं. मी आधी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन लावून केस नंबर घेतला आणि मगच टॅक्सी बोलावली. मनगटाला प्लास्टर घातलं. डॉक्टरांना मी एकच विनंती केली: रिपोर्ट इंग्रजीत द्या आणि पडण्याचं कारण लिहा. त्यांनी लिहिलं, 'ओल्या दगडावरून घसरून पडल्या, शुद्ध हरपली नव्हती', आणि खाली त्या वेळचं बीपीही नोंदवलं.

परत आल्यावर कंपनीने सर्वांत आधी हेच विचारलं: रक्तदाबामुळे चक्कर येऊन पडल्या का? मी रिपोर्टचं ते पान, आमचा प्रस्ताव अर्ज, बिलं आणि बोर्डिंग पास पाठवले. पुन्हा प्रश्न आला नाही. १०० डॉलर आमच्या वाट्याचे वजा होऊन बाकीची रक्कम पाच आठवड्यांनी खात्यात आली. आईंना मेसेज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बरं झालं, लिहिलंस ते."