शहर नोव्हेंबरमध्ये बघावं

मुंबईत राहायला येऊ का, असं कोणी विचारलं तर मी सांगते, आधी जुलैत येऊन जा. डिसेंबरची मुंबई सगळ्यांनाच आवडते. पण हिंदमाताला गुडघाभर पाणी, कपाटातल्या चपलांवर बुरशी आणि बरणीतल्या मिठाला सुटलेलं पाणी बघूनही ज्याला इथे राहावंसं वाटतं, त्याने खुशाल राहावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी दुसरीत होते. बाबा कुर्ल्याहून दादरला चालत आले, दुसऱ्या दिवशी दुपारी. गाड्या सुरू झाल्या तशी त्यांनी पुन्हा तीच लोकल पकडली.

म्हणून परदेशात जायचं ठरलं तेव्हा मी स्वतःला हाच नियम लावला. लिस्बन आणि बर्लिन, दोन्ही नोव्हेंबरमध्ये बघायची. आत्या दुबईच्या बाजूची होती. "अगं, तीन तासांत घरी येशील." खरंच आहे ते. पण तिथे बहुतेकांचं राहणं नोकरीला बांधलेलं असतं, नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. मला काही वर्षांनी हक्काने राहता येईल असं शहर हवं होतं. २०२५ ची भाऊबीज झाली आणि तीन आठवड्यांची रजा टाकून मी निघाले.

लिस्बनमध्ये पहिल्या सकाळी बेकरीत गेले. माझ्या पुढच्या आजीबाईंनी बोट दाखवून 'पाँव' मागितला आणि माझ्या अंगावर काटा आला. चावी, साबण, बटाटा, इस्त्री, हे सगळे तिथूनच आपल्या घरात आलेले शब्द. आईचं माहेर वसईचं. ज्या किल्ल्यात आम्ही मे महिन्यात लपाछपी खेळायचो तो १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आणि आता मी त्यांच्या राजधानीत पाव विकत घेत होते. गल्ल्यांत दोरीवर वाळत घातलेले कपडे, खिडकीतून खिडकीत चाललेल्या गप्पा, चढावर खडखडत जाणारी २८ नंबरची ट्राम. गिरगावातल्या वाड्यांची आठवण पावलापावलाला.

मग पाऊस लागला. ग्रासा भागात मी एक खोली बघायला गेले. भिंतीच्या कोपऱ्यात काळसर बुरशी, घरमालकीणबाई घरातच जाड स्वेटर घालून. कोपऱ्यात हवेतला ओलावा शोषणारं यंत्र घुरघुरत होतं. बाईंनी माझ्यासमोर त्याची टाकी काढून सिंकमध्ये ओतली, चांगलं दोन लिटर पाणी असेल. "रोजचंच," त्या म्हणाल्या. टेबलावरच्या मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे होते. अगदी आमच्या घरच्यासारखे! त्या दाण्यांनी मला जवळजवळ जिंकलंच. लिस्बनमधल्या जुन्या घरांत तापवण्याची सोय बहुधा नसतेच, त्यामुळे बाहेर बारा अंश असले तरी आत हाडं गारठतात. आणि त्या एका खोलीचे महिन्याला ६५० युरो. देशातलं किमान वेतन तेव्हा ८७० युरो होतं. घरी बसून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठीचा तिथला व्हिसा मिळवायचा तर त्याच्या चौपट, म्हणजे ३,४८० युरो दरमहा मिळकत दाखवावी लागत होती. माझी रुपयातली मिळकत त्याच्या आसपासही नव्हती. तिथे नोकरी शोधली तर हातात येणारे पैसे भाड्यातच जातील. पगार हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला, आणि माझं गाडं तिथेच अडलं. त्या खोलीतून उतरताना मला खरंच रडू आलं.

बर्लिनला रविवारी पोचले. दुकानं बंद, आभाळ शिशासारखं, आणि सव्वाचारला सूर्य मावळला. मोआबिटमधल्या एका मराठी जोडप्याने मला ठेवून घेतलं होतं. ताईंनी मुगाची खिचडी वाढली आणि सरळ सांगितलं, "फेब्रुवारीपर्यंत हे असंच. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. लपवण्यात काय अर्थ?" इतका खरा सल्ला मला कुठल्याच दलालाने दिला नव्हता.

मंगळवारी वेडिंग भागात घर बघायला गेले, तर तिसऱ्या मजल्यापासून जिन्यात रांग. माझ्यापुढे वीसेक जण, प्रत्येकाच्या हातात तीन महिन्यांच्या पगारपत्रकांची फाइल. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, आणि नोंदणीशिवाय पुढची कामं खोळंबतात. म्हणून घरासाठी ही झुंबड. आत गेले. खिडकीखालचा हीटर इतका उबदार होता की हात तिथून काढवेना. आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला लागले. स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ, शेगडीच्या जोडणीची वायर, आणि बाकी काही नाही. जर्मनीत घर असंही भाड्याने देतात.

"अगं, ओटा कुठाय?"

"ओटा आपला आपण बसवायचा, आई."

ती बराच वेळ गप्प होती.

त्या संध्याकाळी परतताना बघते तर रस्त्यात अंधारात लहान मुलांची मिरवणूक. ११ नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा दिवस. काठीला टांगलेले कागदी कंदील, कोणाचा चंद्र, कोणाचा कोल्हा, आणि गाणी. एका मुलीचा कंदील मधेच फाटला होता आणि तिच्या बाबांनी त्याला चिकटपट्टी लावली होती. माहीमच्या कंदील गल्लीतून तीनच आठवड्यांपूर्वी मी आमचा आकाशकंदील आणला होता. मी ताईंच्या दारापर्यंत त्यांच्या मागे मागे चालत गेले.

रिंगबानही मुद्दाम गर्दीच्या वेळी पकडली. शहराभोवती गोल फिरणारी ही गाडी, २७ स्टेशनं, पूर्ण फेरीला तासभर. नंतर रात्री साडेअकराला एकटीने पुन्हा बसून बघितली. शेवटच्या लोकलने चर्चगेटहून येण्याची सवय असलेल्या मुलीला ही परीक्षा महत्त्वाची वाटते, आणि बर्लिन तिच्यात पास झालं. वेळेचंही गणित जुळलं. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी सहाला काम सुटलं की मुंबईत साडेदहा, लिस्बनमध्ये असते तर साडेअकरा. आई अकराला झोपते.

म्हणून बर्लिन. मार्ग चान्सनकार्टचा, म्हणजे जर्मनीत येऊन नोकरी शोधण्यासाठीच्या परवान्याचा, जून २०२४ पासून सुरू झालेला. पदवी, अनुभव, भाषा असे सहा गुण जमवायचे आणि वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची, दरम्यान आठवड्याला वीस तास काम चालतं. त्यासाठी मला महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे वर्षाचे पैसे दाखवावे लागणार आहेत. आकडा बघून डोळे पांढरे झाले होते, पण चार वर्षांची बचत आणि बाबांची एक मुदत ठेव मिळून जमतंय. नोकरी लागून ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना, मिळालं आणि जर्मन बी-१ या मधल्या पातळीपर्यंत आली, तर २१ महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मागता येतो. म्हणून सध्या दर शनिवारी काळा घोड्याला, मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या क्लासला.

परवा क्लासहून आले तर आई टेप घेऊन स्वयंपाकघरात उभी. आमच्या ओट्याची उंची मोजत होती. वहीत लिहिलेला आकडा तिने मला दाखवला. मग म्हणाली, तू माझ्याहून उंच आहेस, तुझा दोन बोटं वर घे.