माझ्या अडीच टनी ट्रकला दिवे

गेल्या शनिवारी माझ्या एम३५ए२च्या बंपरवर एकदाचे दोन एलईडी दिवे बसले. अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेला, सहाही चाकं ओढणारा हा ट्रक. ॲरिझोनातल्या कच्च्या वाटांवर त्याचे मूळ हेडलाइट फार मिणमिणते वाटतात.

खरी गोम विजेची. ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या. पहिल्या वेळी मी १२ व्होल्टचे हॅलोजन आणले आणि एकाच बॅटरीवरून वायर ओढली. महिन्याभरात ती बॅटरी बसली आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळू लागली. कृपा करून असं कुणी करू नका. आताचे दिवे १० ते ३२ व्होल्टवर चालतात. ६० वॅटचे दोन, म्हणजे २४ व्होल्टला फक्त ५ अँपिअर. रिले, म्हणजे दिव्यांचा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, मात्र २४ व्होल्टच्या कॉइलचाच हवा, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर.

दिवे समोरच्या काचेच्या चौकटीवर लावायचा मोह झाला होता. पण ती चौकट पुढे आडवी पडते, शिवाय वरचा उजेड बॉनेटवर आपटून डोळ्यांत येतो. बंपरला भोकं पाडायला जीव धजेना. जुन्या तुकडीचे आकडे अजून आहेत तिथं. मग क्लॅम्प लावले.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. साताऱ्यात सकाळ. म्हणाले, "डावा जरा खाली कर रे, समोरच्याच्या डोळ्यांवर येईल."

केला.