तुम्ही विचारलंत म्हणून: गेममुळे लेकरू बिघडतं का?

लातूरच्या ट्यूशन एरियात मुलांना खोली करून दिलेले पालक मला हमखास गाठतात. "सर, तिकडं ते गोऱ्या वंशाचे कट्टर लोक पिच्चर न् गेममधून पोरं ओढतात म्हणं. आमचं लेकरू तर रात्रंदिवस फ्री फायर खेळतंय. काय करावं?" मी सिनेमावर थोडंफार लिहितो, त्यामुळे हे उत्तर माझ्याकडून अपेक्षित असतं.

ओढतात, हे खरं. पण त्यासाठी स्वतःचे गेम काढायची त्यांना फारशी गरज पडत नाही. काढून बघितले आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या 'नॅशनल अलायन्स' या नवनाझी संघटनेने एक गेम विकायला काढला. त्यात काळ्या आणि ज्यू माणसांना गोळ्या घालत फिरायचं. अशा मालात द्वेष भरपूर असतो, खेळ मात्र नसतो. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याला हे पक्कं कळत होतं. नाझी काळातल्या हजारावर जर्मन सिनेमांपैकी बहुतेक निव्वळ करमणुकीचे होते.

लोकांना आधीच आवडलेली गोष्ट उचलणं जास्त सोपं. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'चंच बघा. त्यात कू क्लक्स क्लानवाले, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेतले लोक, नायक आहेत. मूळ क्लान तोवर कधीच संपला होता, आणि तो क्रूस जाळतही नव्हता. ते जळते क्रूस, सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला होता तिच्यातून आले. त्याच वर्षी अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर काही लोकांनी खरोखरचा क्रूस पेटवून नवा क्लान उभा केला. पुढे हाच सिनेमा दाखवून भरती चालायची.

तिथे निदान सिनेमा त्यांच्याच बाजूचा होता. जॉन कार्पेंटरचा 'दे लिव्ह' (१९८८) तर बेलगाम भांडवलशाहीवर होता. त्यात माणसांचं रूप घेतलेले परग्रहवासी गुपचूप जगावर राज्य करतात. नवनाझींनी ते परग्रहवासी म्हणजे ज्यू, असं ठरवून टाकलं. हे धादांत खोटं आहे, असं २०१७ मध्ये खुद्द कार्पेंटरना जाहीर सांगावं लागलं. 'मॅट्रिक्स' सिनेमातल्या लाल गोळीचंही तसंच. ती गिळली की जगाचं खरं रूप दिसतं. सिनेमा करणाऱ्या दोघी ट्रान्स स्त्रिया, आणि गोळी पळवली स्त्रीद्वेष्ट्यांनी.

गेमच्या दुनियेत गोष्टीपेक्षा गर्दी महत्त्वाची. पुढे ट्रम्पचा सल्लागार झालेला स्टीव्ह बॅनन राजकारणात गाजायच्या आधी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधलं आभासी सोनं विकणाऱ्या कंपनीत होता. चिडलेल्या तरुण पोरांची ताकद त्याने तिथे पाहिली. २०१४ मध्ये गेमरगेटच्या नावाखाली गेम बनवणाऱ्या बायकांना धमक्या सुरू झाल्या, तेव्हा ही पोरं राजकारणाकडे वळवता येतील हे त्याने हेरलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात निघालेल्या गोऱ्या वंशवाद्यांच्या मोर्चाची आखणी झाली ती डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमर मंडळींच्या गप्पांच्या ॲपवर.

आपल्याकडचं का बोलत नाही, असंही विचारतात. बोलतो की. मार्च २०२५ मध्ये 'छावा' जोरात चालू असताना खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा म्हणून विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने आंदोलन केलं, नागपुरात दंगल झाली, आणि सिनेमामुळे लोकांचा औरंगजेबावरचा राग उफाळून आल्याचं मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. सिनेमा संभाजी महाराजांवर होता. डोळे पुसत थिएटरबाहेर पडलेल्या माणसाने तो राग आज कुणावर काढायचा, हे पडद्यावर सांगितलेलं नव्हतं. ते बाहेर कुणीतरी सांगितलं.

म्हणून मी गेम डिलीट करा म्हणत नाही. हेडफोनमधून कोण बोलतंय, गिल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या टोळीत, कोण आहे, खेळ संपल्यावर कुठल्या ग्रुपची लिंक येते, हे विचारा. परवा एका वडिलांनी विचारलं, "पण पोरगं सांगल का हो?" एकदम नाही सांगणार. आधी त्याच्याशेजारी बसून दोन डाव हरा.