जुलैतला प्रोव्हान्स: ऑपेरा, नाटक आणि चित्रकारांचा निसर्ग

आपल्या नाशिककरांची मोठी सहल सहसा मे महिन्याच्या सुट्टीत होते. या प्रवासासाठी मात्र ती सवय मोडावी लागते. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात ऑपेरा, नाटक आणि थोर चित्रकारांनी रंगवलेला निसर्ग ही तिन्ही सुखे अगदी जवळजवळच्या गावांत मिळतात, पण ती जुलैमध्ये, म्हणजे इकडे गोदावरीचे पाणी चढू लागते त्या दिवसांत. मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर व्हिएन्ना निवडावे. तेथील सरकारी ऑपेरागृहाचा हंगाम जूनअखेरपर्यंत चालतो आणि उभ्याने ऐकण्याची तिकिटे फार स्वस्त असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते बंद असते.

आखणी करताना आधी गावे ठरवून मग तेथे काय चालले आहे ते पाहू नये. आधी संध्याकाळचे प्रयोग ठरवावेत, त्यांची तिकिटे आदल्या हिवाळ्यातच शोधू लागावे आणि दिवसाची भटकंती त्यांभोवती बसवावी. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या परवान्याचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईची एक खेप सहसा करावी लागते.

निघण्यापूर्वी आम्ही गंगापूर रोडवरील एका मित्राच्या घरी दर रविवारी जमून, संहिता समोर ठेवून, निवडलेले ऑपेरा ऐकले. हा वेळ सत्कारणी लागला. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या कानाला ऑपेरा अगदी परका नाही. फरक इतकाच, की ‘मत्स्यगंधा’सारख्या नाटकात गद्य संवादांच्या ओघात पदे येतात, तर बहुतेक ऑपेरांत संवादही गायलेच जातात आणि गायकाला ध्वनिक्षेपकाचा आधार नसतो. पदानंतर टाळ्या जरूर पडतात, पण ‘वन्स मोअर’ची अपेक्षा धरू नये.

एक्स-आं-प्रोव्हान्स (थोडक्यात एक्स) या गावचा ऑपेरा महोत्सव 1948 पासून चालू आहे आणि त्याचे मुख्य रंगमंदिर म्हणजे आर्चबिशपच्या जुन्या प्रासादाचे उघडे अंगण आहे. अंधार पडायला उशीर होत असल्याने प्रयोग रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू होतो. आम्ही तेथे मोत्सार्टचा ऑपेरा ऐकला. रंगमंचाच्या वर इंग्रजी मजकूरही दिसत असल्याने कथानक कोठेही सुटले नाही. हे गाव चित्रकार पॉल सेझानचे आहे. लोव्ह टेकडीवरील त्याची चित्रशाळा आगाऊ वेळ राखून पाहावी आणि तेथून चढ चढून, ज्या जागेवरून तो सेंत-व्हिक्त्वार डोंगर रंगवीत असे, तेथे जावे. डोंगर गावाच्या पूर्वेस आहे, त्यामुळे सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि केवळ निळसर कडा दिसते. दुपार कलल्यावर मात्र चुनखडीचा एकेक पैलू वेगळा होतो आणि सेझानच्या रंगांचे तुकडे कोठून आले ते समजते. शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगचित्रे पाहिलेल्या माणसाला एकच जागा वेगवेगळ्या प्रहरी पाहण्याचे मोल सांगायला नको. म्हणून येथे दोन्ही वेळा जावे, असा माझा आग्रह आहे. प्रत्यक्ष डोंगरावर चढायचे असेल, तर वणव्याच्या धोक्यामुळे जून ते सप्टेंबर वाटा बंद राहू शकतात; आदल्या संध्याकाळी प्रशासनाची सूचना पाहावी.

ओरांजचे रोमन नाट्यगृह हा या प्रवासाचा कळस होता. रंगमंचामागची दगडी भिंत 103 मीटर लांब आणि 37 मीटर उंच आहे. दिवसभर तापलेल्या पायऱ्या रात्री दहा वाजताही बसल्याजागी ऊब देत होत्या, आणि व्हर्दीच्या ऑपेरातील एक अगदी हलका स्वर आम्हाला वरच्या रांगेत स्वच्छ ऐकू आला. बसण्यासाठी उशी न्यावी, मिस्त्राल वारा सुटला तर लागेल म्हणून शालही ठेवावी. प्रयोग मध्यरात्रीपर्यंत चालतो, म्हणून परतीच्या गाडीवर भिस्त न ठेवता मुक्काम तेथेच करावा.

नाटकासाठी आव्हिन्यों. नाट्यदिग्दर्शक झां व्हिलार यांनी 1947 मध्ये सुरू केलेला महोत्सव पोपच्या प्रासादाच्या प्रांगणात भरतो, आणि त्याच्या जोडीने ‘ऑफ’ या नावाने गावभर लहान रंगमंचांवर शेकडो प्रयोग होतात. वेशभूषेतील नट स्वतः हातात पत्रके देऊन आपले नाटक समजावून सांगतात. कालिदास कलामंदिरातील तिसऱ्या घंटेची सवय असलेल्यांनी येथे आणखी लवकर पोहोचावे, कारण उशिरा आलेल्यांना बहुधा आत सोडत नाहीत. फ्रेंच येत नसेल, तर मूकनाट्य किंवा नृत्यनाट्य निवडावे. जुलैत येथील खोल्या महाग असतात आणि फार आधी भरतात.

आव्हिन्योंहून आर्ल रेल्वेने सुमारे वीस मिनिटांवर आहे; सें-रेमीला मात्र बसने जावे लागते. चित्रकार व्हॅन गॉग 1888 च्या फेब्रुवारीत आर्लला आला आणि 1889 च्या मे महिन्यात सें-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. तेथील ऑलिव्हच्या बागा आणि आल्पी टेकड्या सकाळी पाहाव्यात, दुपारचे ऊन टाळावे. आर्लमधील त्याचे पिवळे घर 1944 च्या बाँबहल्ल्यात गेले आणि गावात त्याची मूळ चित्रे जवळजवळ नाहीत. म्हणून परतताना पॅरिसमध्ये एक दिवस ओर्से संग्रहालयासाठी राखावा. आर्लच्या ऱ्होनकाठी 1888 मध्ये रंगवलेली त्याची तारांकित रात्र तेथे आहे. हे संग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा परतीचे विमान त्यानुसार घ्यावे.